राळ आणि कापूस

भादवा सरला, पाऊस थांबला आणि सहदेवनं छपराखालून गाडी बाहेर काढली. काढली म्हणजे त्यानं आणि शेजारच्या पोपटनं मागून ढकलली, आणि त्याच्या बायकोनं, मालननं, चाकांना धरून बसलेला चिखल खुरप्यानं मोकळा केला. पावसाळाभर गाडी एका जागी उभी होती. उजेडात आली तेव्हा तिचं सगळं अंग दिसलं. मडगार्डवर तांबड्या पापुद्र्यांची खपली धरली होती. बोनेटखालच्या पत्र्याला हात लावला की हात विटकरी होत होता. सहदेवनं मागचं दार ओढलं तर दाराची खालची कड त्याच्या हातात आली.

"घे," पोपट म्हणाला. "चायमदं बुडव नि खा."

सहदेव हसला नाही. त्यानं तो तुकडा बोटांनी चुरला. भुगा झाला.

लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतल्या मोटारी लिलावात निघाल्या होत्या, त्यातली ही एक. बंद पाठीची, लष्कराला पाव पोचवणारी. सहदेव तेव्हा माजिवड्याला एका लॉरीवर क्लीनर होता. बापाचा पडावातला, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीतला, वाटा मोडून त्यानं ही घेतली आणि खाडीकाठच्या मिठागरातलं मीठ वाहायला लागला. ठाण्याची पेठ, भिवंडी, कल्याण, कधी पार खडवलीपर्यंत. पूर्वी हेच मीठ पडावांतून जाई. आता पडाव खाडीच्या चिखलात कलंडून पडले होते. पोपट त्यांतल्याच एका पडावावर खलाशी होता, तो आता मिठाच्या गोणी उचलत होता. आणि गावातल्या सगळ्या पडावांची, होड्यांची डागडुजी करणारा दगडू, सहदेवचा बाप, ओट्यावर बसून सुतळीची गुंडाळी करायचा, मग ती उलगडून पुन्हा करायचा.

दर साल दसऱ्याआधी गाडी ठाण्याला नेऊन मोटारी तपासणाऱ्या साहेबाकडून पास करून घ्यावी लागे. पास नाही झाली तर ती रस्त्यावर आणता येत नसे. दसऱ्यानंतर मिठाच्या राशींवर पावसासाठी घातलेला पेंढा उतरायचा आणि वाहतूक सुरू व्हायची. मिठागराचे कारभारी त्र्यंबकराव त्या बाबतीत कडक होते. "सहदेव, पहिल्या दिवशी गाडी दारात हवी," ते म्हणत. "तुझी नाही आली तर दुसऱ्याची येईल. मीठ कोणासाठी थांबत नाही."

दगडू ओट्यावरून उतरला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग बोटाच्या पेरानं पत्रा ठोकत ठोकत दुसरी मारली. कान जवळ नेऊन. पडावाची फळी तो अशीच बघत असे.

"दौलतकडं नेतो ठान्याला," सहदेव म्हणाला. "तो कापून नवा पत्रा डकवील."

"त्यो कापील, डकवील, आन् साल गेलं का परत भोक पडंल." दगडूनं एका भोकात बोट घातलं. "भोक पडलंय का? मंग बुजवायचं. त्यात काय हाय? पान्यावर चालनारी वस्तू मी बुजवली, ही तं जमिनीवर चालतीय."

सहदेवनं ठाण्याला जायचं सोडून दिलं. बापाच्या आवाजात कित्येक दिवसांत असं वजन आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. माळ्यावरची पेटी खाली आली. छिन्न्या, लाकडी मोगरी, राळेचा डबा, काळं पडलेलं पातेलं. दगडूनं गाडीचा गंज आधी विटेच्या तुकड्यानं घासून काढला. वीट संपली की दुसरी. त्याच्या दंडावर, भुवयांवर तांबडी धूळ बसली. घाम आला की ती ओघळून कोपरावरून खाली ठिबके. मोठी भोकं होती तिथं त्यानं घासलेटच्या डब्याचे पत्रे ठोकून सपाट केले आणि पडावाच्या तांब्याच्या खिळ्यांनी बसवले. बारीक फटींना कापूस.

कापसाच्या वाती मालन वळत होती. ओट्याच्या पायरीवर बसून, लुगडं गुडघ्यावर घेऊन, मांडीवर एकेक वात लांब करायची आणि सासऱ्याच्या हातात द्यायची. राळ आणि मोरी माशाचं तेल एकत्र उकळत होतं; त्याचा वास सगळ्या आळीला लागला होता. दगडू वात त्यात बुडवायचा, फटीवर धरायचा, वर छिन्नी टेकायचा आणि मोगरीनं हलके, सारखे ठोके द्यायचा. वात आत जाई. तो दुसरी मागे.

"मामा, देवाला एवढ्या वाती लावल्या नाय मी," मालन म्हणाली.

"देवातनं पानी गलत नाय," दगडू म्हणाला.

तिच्या मांडीवर राळेचा काळा पट्टा उठला. तो राखेनं घासला, चिंचेनं घासला, तरी गेला नाही.

दाराच्या खालच्या कडेला दगडूला एक वेगळीच गोष्ट सापडली. तो गाडीखाली उताणा झोपला होता. तिथूनच त्यानं सहदेवला हाक मारली. सहदेव वाकला. दाराच्या बुडाशी, आणि दोन्ही बाजूंना पायरीखाली जी पोकळ पट्टी असते तिच्याही बुडाशी, ओळीनं गोल भोकं होती. करंगळी जाईल एवढी. गंजानं पडलेलं भोक दातरं असतं. ह्यांची कड गुळगुळीत होती.

"ही कोनी पाडली?"

"कंपनीतलीच असतील, बाबा."

"कशापायी?"

सहदेवला इंजिन येत होतं, ब्रेक येत होते, रात्री दिवे गेले तर तारा जोडता येत होत्या. पत्र्याकडं त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. पत्रा म्हणजे नुसतं झाकण, असं तो धरून चालला होता.

"कंपनीवाल्याला काय आपलं मिठागर म्हाईत?" दगडू खालून म्हणाला. "चाकानं खारं पानी उडतंय, ह्यातनं वर जातंय. आतून गंज लागतोय तो ह्याच्यामुलं. बुजवू का?"

सहदेवनं एका भोकावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "बुजव."

दगडूनं ती भोकं सगळ्यात मन लावून बुजवली. कापसाचा गच्च बोळा, वर राळ, राळेवर डांबर. बोट फिरवून पाहिलं तर भोक कुठं होतं ते कळू नये.

ठाण्याला साहेबानं गाडीवर बादल्यांनी पाणी ओतायला लावलं आणि आत डोकं घालून पाहिलं. आत कोरडं होतं. त्यानं एका फटीवरून नख फिरवलं, नखाचा वास घेतला.

"हे कोणी केलं?"

"माझ्या बापानं, साहेब."

"होडी केलीय तुझ्या बापानं," साहेब म्हणाला आणि सही केली.

सहदेवनं घरी येऊन हे सांगितलं. तेव्हापासून दगडू गावात वेगळाच चालू लागला. लोक त्याच्याकडं गळकी घागर घेऊन येऊ लागले, देवळाची पन्हळ घेऊन येऊ लागले. ओट्यावर डबे रांगेत लागले. सुतळीची गुंडाळी कुठल्या कोपऱ्यात पडली ती त्यालाही आठवेना.

गाडी त्या हंगामात एकदाही गळली नाही. आधी मीठ सांडत जायचं आणि बायका मागून पदरात वेचत यायच्या; त्या आता म्हणाल्या, "सहदेवा, तुजा बा कंजूस झायला रं." भरतीच्या वेळेला सहदेव गाडी खाडीच्या उतारावर उभी करी आणि दगडू लंगोट लावून तिला धुवी. बादलीमागून बादली, खाडीचंच पाणी. चाकांवर, पायरीवर, दारांवर.

"म्हस धुतंस का मोटार?" पोपट विचारी.

"धुतलेली वस्तू जगते."

"मंग विहिरीच्या पान्यानं धू की. साहेबाची मोटार गोड्या पान्यानं धुतात."

"तुना कलत नाय, पोपट्या. पडावावर जलम काढलास आन् कलत नाय. गोडं पानी लाकूड कुजवतं. खारं पानी राखतं. पडाव खाडीत हाय तवर धड. वर काढला नि पावसात ठेवला का खलास."

पोपटला हे पटलं, कारण ते खरं होतं. पडावाच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. शिवाय चैत्रापासून विहिरीला तळ दिसायचा. मालन दोन घागरींसाठी पहाटेपासून बसायची. गाडीसाठी गोडं पाणी मागायची कोणाची छातीही झाली नसती.

जेठात, पाऊस यायच्या आधी, दगडूनं गाडीला पुन्हा एकदा सगळीकडून डांबराचा हात दिला. दाराच्या काचेची फट तेवढी राहिली. काच खालीवर व्हायला पाहिजे होती.

तो पावसाळा मोठा झाला. खाडी मिठागराच्या बांधावरून आत आली. छपराचा पेंढा एका बाजूनं उडाला आणि ती बाजू नीट करेपर्यंत गाडी भिजत राहिली. श्रावणात एकदा मालन कोंबडी शोधायला छपराखाली गेली. कोंबडी गाडीत शिरली होती. तिला हाकलायला मालननं दार उघडलं, लावलं, आणि मग परत उघडलं. परत लावलं. ती ओट्याशी आली.

"मामा, दारात पानी वाजतंय."

दगडू चिलीम भरत होता. "कुठं?"

"दाराच्या पोटात. खलखल करतंय."

"बाहेर येतंय का?"

"नाय."

"मंग वाजू दे," दगडू म्हणाला. "बाहेर येत नाय म्हंजे माजं काम धड हाय."

मालनला ते तितकंसं बरं वाटलं नाही, पण ती गाडीतली नव्हती, गोवऱ्या-पाण्यातली होती. तिनं रात्री जेवताना सहदेवलाही सांगितलं. सहदेव म्हणाला, "उन्हं पडली का सुकंल." सुकलं नाही. ते पाणी कुठं जाणार होतं?

आश्विन आला. दसऱ्याआधीचे ते दिवस ठाण्याला गर्दीचे. गाड्या ओळीनं उभ्या होत्या, ड्रायव्हर लोक सावलीला बसले होते. ह्या वेळी दगडूही आला होता. धुतलेला सदरा, डोक्याला नवा पंचा. मागच्या साली साहेबानं विचारलं होतं, कोणी केलं. ह्या साली विचारलं तर आपण समोर असावं, असं त्याच्या मनात होतं. तसं तो बोलला नव्हता. "ठान्याला काम हाय," एवढंच म्हणाला होता.

साहेब नवा होता. तरुण, गोरा, पांढरी पँट. त्यानं पाणी वगैरे ओतायला सांगितलं नाही. सरळ ड्रायव्हरच्या बाजूला आला, वाकला आणि पायरीखालच्या पट्टीवर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

त्यानं अंगठा बाहेर काढून बघितला. रुमालाला पुसला. मग मागं सरून दाराची मूठ धरली आणि दार उचलल्यासारखं केलं. वरची बिजागरी चौकटीचा तुकडा घेऊन सुटली. दार तिरकं झालं, खालच्या बिजागरीवर लोंबलं आणि बुडाशी पत्रा फाटला. फाटला तशी आतून पाण्याची धार लागली. तांबडं, दाट पाणी. साहेबाच्या पांढऱ्या पँटवर उडालं.

मागचे ड्रायव्हर उठून उभे राहिले. कोणी तरी म्हणालं, "अरे, हिला मासिक पाळी आली," आणि मागं हशा झाला.

"ही गाडी आहे का मडकं?" साहेब म्हणाला. तो रागावला होता, पण पँटमुळं जास्त. "वरून डांबर फासून आणता. माणसं मरतील हिच्यात. बाजूला घ्या."

"साहेब, दुरुस्त करून आणतो," सहदेव म्हणाला. "दोन दिवस द्या. दार बदलतो."

"दार कशाला लावणार? दार लावायला चौकट कुठाय?" त्यानं बूट उचलला आणि चौकटीच्या मुळाशी टेकवला. ढकललाही नाही, नुसता टेकवला. बूट बुडाला. "बाजूला घ्या."

दगडू त्या तांबड्या पाण्याच्या थारोळ्याजवळ उकिडवा बसला होता. त्यानं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. खाडीपेक्षा खारट.

टेंभी नाक्यापुढं दौलतचं पत्र्याचं दुकान होतं. दौलत देशावरचा, थोराड, एक डोळा वेल्डिंगनं कायम लाल. गाडी तिथवर ढकलत नेली. दगडू मागून ढकलत होता. आत घेण्याआधीच दौलतनं गाडीखाली कंदील घातला आणि हातोडीनं इकडं तिकडं ठोकलं. कुठंच आवाज आला नाही. ओल्या घोंगडीवर ठोकावं तसं झालं.

मग त्यानं पकडीनं दाराच्या बुडातून काहीतरी ओढलं. ते लांबत लांबत बाहेर आलं. काळा, भिजलेला कापसाचा बोळा, राळेसकट. दौलतनं तो पकडीत धरून उजेडात नेला.

"ह्यो काय परकार?"

दगडू दुकानाच्या दाराशी पत्र्याच्या डब्यावर बसला होता, पंचा मांडीवर घेऊन.

"आरं, ही भोकं कंपनीनं पाडल्याली असत्यात," दौलत म्हणाला. "काचंच्या फटीतनं पानी आत पडनारच. ते खाली निघून जायला ठेवत्यात भोकं. मानसाला कशी दिलीत द्यावानं, तशी. ती तू बुजवलीस व्हय? वरून खारं पानी आत, आनि खाली बूच. सालभर पत्रा लोनच्यागत मुरला की आत. कुनाची ही अक्कल?"

दगडूनं मान वर केली. तोंड उघडलं. त्याआधीच सहदेव म्हणाला,

"माजी."

"तुजी?"

"मीच बुजवली. मना वाटलं, खालून पानी शिरतंय."

दौलतनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग दुकानातल्या सगळ्यांकडं पाहिलं. दोन गिऱ्हाइकं होती, एक भिवंडीचा लॉरीवाला होता. "ऐका. डायवर हाये ह्यो. गाडीचं मुतायचं बंद केलं आनि म्हनं गाडी का सुजली."

लॉरीवाला पोट धरून हसला. सहदेव पण हसल्यासारखं करत उभा राहिला. दगडू डब्यावर तसाच बसून होता. तोंड त्यानं मिटलं होतं.

"आता काय करता येईल?" सहदेवनं विचारलं.

"काय न्हाई."

"पट्टी बदलून?"

"लेका, वेल्डिंगला धरायला पत्रा लागतो. भोकाला भोक जोडता येत न्हाई. वरचं समदं उतरवून नवं बांधायचं, तर दुसरी गाडी घे त्यापरीस." दौलतचा आवाज जरा खाली आला. "इंजान बरं हाये तुझं. इंजान कुनी घेतलं तर सांगीन. हितंच राहू दे गाडी. कोपऱ्यात लाव."

गाडी कोपऱ्यात लावून बापलेक चालत निघाले. रस्त्याच्या कडेनं भाताला लोंब्या आल्या होत्या. ऊन उतरलं होतं तरी डांबराचा चटका पायाला लागत होता. दगडूनं नवा पंचा डोक्याला बांधला नाही, हातातच धरला होता.

माजिवड्याचा नाका मागं पडल्यावर तो म्हणाला, "तू कशाला बोललास तसं?"

"बुजव म्हनून मीच बोललो होतो ना."

"मी इचारलं म्हनून बोललास."

"एकच झालं."

"एक कसं झालं?"

सहदेव पुढं चालत होता. मान न वळवता म्हणाला, "बाबा, ते तिथं हसत होते. तू म्हातारा मानूस. मना हसले त काय, मी डायवर हाय, लोक हसतात." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "आता घरी मालनपाशी ही गोष्ट काडू नको."

मालनला ते कळलंच. आठ दिवसांत सगळ्या मिठागराला कळलं. दौलतच्या दुकानात ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे ड्रायव्हर येत, आणि दौलतला गोष्ट सांगायला आवडे. प्रत्येक वेळी ती थोडी सुधारत जाई. पेंढा उतरवायच्या दिवशी मिठागरावर कोणी पाण्याची घागर ठेवली की दुसरा म्हणे, "झाकन लावू नको, सहदेवची मोटार होईल." सहदेव खोरं घेऊन राशीपाशी उभा असे. गाडी नव्हती, म्हणून रोजावर पेंढा उतरवायला आला होता. मालनही पाटी घेऊन रांगेत होती. तिच्या पायाला भेगा होत्या आणि मिठात उभं राहिल्यावर त्या भेगा जळत. ती रात्री पायांना खोबरेल लावून बसे आणि सासऱ्याकडं बघत नसे. तिला सगळं ठाऊक होतं; वाती तिनंच वळल्या होत्या.

नाव सहदेवचं होतं, तरी भोकं बुजवण्याचीच लोकांना धास्ती बसली; ओट्यावरचे डबे ते एकेक करून मागून घेऊन गेले. काही बोलून नव्हे. "मामा, घाई हाय जरा," म्हणत.

दिवाळीनंतर मुंबईच्या शेठनं मिठागराला स्वतःची लॉरी घेतली. नवी, हिरवी. तिच्यावर ड्रायव्हर पाहिजे होता. गावात मोटार चालवता येणारा सहदेव एकटा होता. भिवंडीचा, कल्याणचा एकेक दुकानदार त्याला नावानं ओळखत होता. तो सकाळी आंघोळ करून कचेरीत गेला आणि लवकर परत आला.

"काय झालं?" मालननं विचारलं.

सहदेवनं सदरा काढून खुंटीला लावला. "कारभारी म्हनाले, सहदेव, तू मानूस चांगला हायेस. पन गाडीला भोकं कशाला असतात ते ज्याला कलत नाय, त्याच्या हातात शेठची नवी गाडी कशी देऊ? शेठ मना इचारतील."

"मंग तू काय बोललास?"

"काय बोलू?"

मालननं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "खरं बोलायचं."

"आता कोनाला खरं वाटनार?" सहदेव म्हणाला. तो भाकरी न खाता खोरं घेऊन गेला.

दगडू ओट्यावर होता. भिंत मधे होती, पण भिंत कुडाची होती.

दुसऱ्या दिवशी तो उठला, त्यानं तोच धुतलेला सदरा घातला आणि बांधावरून मिठागराच्या कचेरीकडं निघाला. बांध निसरडा होता. दोन्हीकडं उघड्या झालेल्या राशी उन्हात डोळ्यांना लागत होत्या. कचेरी म्हणजे कौलारू खोली, दारात नवी हिरवी लॉरी उभी. दगडू तिच्याजवळ थांबला. वाकून त्यानं तिच्या दाराखाली पाहिलं. ओळीनं भोकं होती. कड गुळगुळीत. तो आत गेला.

त्र्यंबकराव चष्मा लावून बसले होते. "या दगडूबुवा. इकडं कुठं?"

दगडू उभा राहिला. जमिनीकडं बघून म्हणाला, "ती भोकं मी बुजवली."

"कोणती भोकं?"

"मोटारीची. सहदेवनं नाय. मी. पोर खोटं बोलला दौलतपाशी. माज्यासाठी बोलला."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला.

"बसा," ते म्हणाले. "खाली नाही, खुर्चीवर बसा."

दगडू खुर्चीच्या कडेला टेकला. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं, नीट सांगितलं तर पटेल, म्हणून त्यानं एकेक गोष्ट सांगितली. वात कशी वळतात. राळ किती आणि मोरीचं तेल किती. छिन्नी कशी धरायची म्हणजे पत्रा फाटत नाही. बोळा गच्च बसला की नाही हे ठोक्याच्या आवाजावरून कसं कळतं. सांगता सांगता त्याचे हात हवेत चालत होते. त्र्यंबकराव ऐकत होते.

तो थांबला तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे जरा ओले झाले होते.

"दगडूबुवा, मला दोन मुलगे आहेत," ते म्हणाले. "माझ्यावर वेळ आली तर मी असा चालत येईन की नाही, मला सांगता येत नाही."

"नाय, कारभारी. मी खरं सांगतोय."

"हो हो. बापानं सांगितलेलं खरंच असतं." त्यांनी हातानं त्याला थांबवलं. "ह्या वयात, अख्ख्या गावात नाव झालेला माणूस, आणि पोराचा दोष अंगावर घ्यायला आलात. आजकाल कोण करतं? अरे आनंदा, चहा आण. कपात आण."

"साहेबानं मागल्या साली इचारलेलं, कोनी केलं. तेव्हा पोरानं माजंच नाव सांगितलेलं. साहेबाला इचारा."

"ते चांगलं काम तुमचंच. ते मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे." त्र्यंबकराव हसले. "म्हणूनच म्हणतो. ज्या हातानं इतकं चांगलं काम केलं, तो हात हे करणार नाही. उगाच मला फसवू नका."

आनंदानं आणलेला कप दगडूच्या हातात आला. कपाला कान होता. त्यात बोट कसं घालावं हे त्याला जमेना. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.

"लॉरीवर आता कल्याणचा माणूस ठरलाय," त्र्यंबकराव म्हणाले. "शब्द दिला आहे, मागं घेता येणार नाही. पण तुम्ही आलात, ते मी रिकामं पाठवणार नाही. सहदेवला लॉरीवर भरणीला, गोणी चढवायला घेतो. कायमचा. रोज काम मिळेल. तुमच्या शब्दाखातर. घ्या, चहा निवतोय."

दगडू चहा प्यायला. गोड होता, फार गोड. कप खाली ठेवताना थोडा सांडला आणि तो पंच्यानं पुसायला गेला, तर त्र्यंबकरावांनी त्याचा हात धरला आणि पुसू दिलं नाही.

तो घरी आला तेव्हा दुपार टळली होती. सहदेव ओट्याच्या पायरीवर बसून तळपायातला मिठाचा खडा सुईनं काढत होता.

"कुठं गेलतास?"

"कचेरीत." दगडू त्याच्याजवळ टेकला. "उद्यापासून भरनीला ये म्हनलेत. लॉरीवर. रोज."

सहदेवचा सुईचा हात थांबला. "तू कशाला गेलास?"

"खरं सांगायला."

"सांगितलंस?"

"सगलं सांगितलं. वातीपासून."

आत मालनचं भाकरी थापणं बंद झालं होतं. सहदेव बापाच्या तोंडाकडं बघत होता.

"मंग काय म्हनाले?"

दगडूनं पंचा मांडीवर पसरला, त्याची घडी घातली, आणि घडी पुन्हा मोडली.

"चाय पाजली," तो म्हणाला. "कपात."